नवव्या डावाचे धनी : हितोकी इवासे

बेसबॉलमध्ये पिचरची, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूची, थोरवी दीर्घकाळ त्याच्या नावावर जमा झालेल्या विजयांवरून ठरवली गेली. परंतु सामन्याच्या अखेरीस येऊन एखादाच डाव टाकणाऱ्या बदली पिचरला हे माप अपुरे पडते, हे जपानच्या हितोकी इवासे यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असून प्रत्येक डावात प्रतिपक्षाचे तीन फलंदाज बाद करावे लागतात. पहिला पिचर थकला की त्याच्या जागी दुसरा येतो आणि एकदा बदललेल्या खेळाडूला त्या सामन्यात पुन्हा उतरता येत नाही. अखेरचा डाव सांभाळणाऱ्यास ‘क्लोजर’ म्हणतात. सर्वसाधारणपणे तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी असताना येऊन, किमान एक डाव टाकून संघाचा विजय राखणाऱ्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ नोंदवला जातो.

आइची प्रांतात १९७४ साली जन्मलेले डावखुरे इवासे १९९९ ते २०१८ या काळात नागोयाच्या चुनिची ड्रॅगन्स या एकाच संघाकडून खेळले. पदार्पणाच्या सामन्यात त्यांना एकही फलंदाज बाद करता आला नाही. तरीही फलंदाजाजवळ येता येता झपकन आडवा वळणाऱ्या ‘स्लायडर’ या चेंडूच्या बळावर त्यांनी त्या हंगामापासून सलग १५ वर्षे दरवर्षी किमान ५० सामने खेळले. २००४ मध्ये क्लोजरची जबाबदारी आल्यानंतर पुढच्याच वर्षी त्यांनी ४६ सेव्ह मिळवले.

या भूमिकेतील ताण २००७ च्या जपान सिरीजच्या, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, पाचव्या सामन्यात सर्वाधिक जाणवला. ड्रॅगन्सचे पिचर दाइसुके यामाई यांनी आठ डावांत एकाही प्रतिस्पर्ध्याला पहिल्या तळापर्यंत पोहोचू दिले नव्हते आणि आघाडी अवघ्या एका धावेची होती, अशा वेळी व्यवस्थापक हिरोमित्सु ओचिआई यांनी नवव्या डावासाठी इवासे यांना पाठवले. दुसऱ्याने उभारलेला पराक्रम केवळ अबाधित ठेवायचा असल्याने चूक झाली असती तर ती सर्वस्वी त्यांचीच ठरली असती. त्यांनी तिन्ही फलंदाज बाद केले आणि ड्रॅगन्सना ५३ वर्षांनी अजिंक्यपद लाभले. याउलट, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तीन पराभव त्यांच्या नावावर लागले आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली. क्लोजरचे यश गृहीत धरले जाते, अपयश मात्र ठळकपणे लक्षात राहते.

२०१५ चा हंगाम दुखापतीत गेल्यावरही ते परतले आणि १,००२ सामने व ४०७ सेव्ह हे जपानी व्यावसायिक बेसबॉलमधील विक्रम नोंदवून निवृत्त झाले. २०२५ मध्ये ख्यातनाम फलंदाज इचिरो सुझुकी यांच्याबरोबर त्यांची जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली. दर सामन्यात सरासरी जेमतेम एक डाव टाकणाऱ्या या खेळाडूला मिळालेला सन्मान एखाद्या दिवसाच्या पराक्रमाचा नसून, दोन दशके निर्णायक क्षणी पुन्हा पुन्हा सज्ज राहण्याच्या शिस्तीचा आहे.