रेडिओची खरखर आणि 71 सेंटिमीटर तार

होम थिएटरच्या रिसीव्हरवर एफ्. एम्. लावले की खरखर ऐकू येते ना? दुकानदार बूस्टर सुचवील. पण तो खरखरही वाढवतो! दोष बहुधा मागे लोंबणाऱ्या वीतभर तारेचा असतो.

हिशेब करून पाहा. 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 मीटर. तिच्या निम्म्या, म्हणजे दीड मीटर लांबीच्या तारेत ही लहर चांगला विद्युत्प्रवाह निर्माण करते. प्रत्यक्षात तार सुमारे 5 टक्के आखूड लागते. म्हणून 71 सेंटिमीटरच्या दोन तारा खिडकीजवळ एका आडव्या रेषेत ताणा. मधली टोके एकमेकांना टेकू देऊ नका. एकीला टीव्हीच्या 75 ओहम केबलचा गाभा जोडा, दुसरीला जाळी. तार टोकांच्या दिशेने जवळजवळ बहिरी असते. तेव्हा केंद्राकडे तिची बाजू करा, टोक नव्हे.