मृग कूस बदलतो तेव्हा

वेल्ह्याजवळच्या शेतात डिसेंबरच्या रात्री दुर्बीण लावायची म्हणजे माझं पहिलं काम असतं तिपाईच्या पायांचं. तिन्ही पाय आखूड ठेवायचे, पुरते फाकवायचे आणि त्यांतला एक बरोबर उत्तरेला करायचा. मग मधल्या हुकाला कापडी पिशवी अडकवून तिच्यात दोन विटा ठेवायच्या. ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते यंत्र अवघं अडीच किलोचं आहे. पण ते आता सरळ उभं राहणार नाही. उत्तरेकडे जवळजवळ आडवं होऊन ते तासन्‌तास तसंच तोलून राहणार आहे.

हे यंत्र म्हणजे सीस्टार एस५०. चीनमधल्या झेडडब्ल्यूओ कंपनीने ते २०२३ मध्ये बाजारात आणलं. समोरचं भिंग ५० मिलिमीटरचं, नाभीय अंतर २५० मिलिमीटर. डोळा लावायला जागाच नाही. नेत्रिकेच्या जागी सोनीचा कॅमेरा-सेन्सर बसवलेला आहे, १९२० गुणिले १०८० पिक्सेलांचा. फोकस, दव पुसणारा हीटर, फिल्टर, बॅटरी, संगणक असं सगळं एका खोक्यात. मोबाईलवर ‘मृगातला तेजोमेघ’ म्हणून बोट ठेवलं, की दुर्बीण आकाशाचा एक फोटो काढते, त्यातले तारे स्वतःजवळच्या नकाशाशी ताडून पाहते आणि आपण कुठे बघतोय हे ओळखून हवी ती जागा गाठते. मग दहा-दहा सेकंदांची चित्रं काढून एकावर एक रचत जाते. पाच-दहा मिनिटांत राखाडी डागातून गुलाबी पंख उमटू लागतात. पहिल्यांदा हे बघणारा माणूस गप्प होतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

मग हे यंत्र तिरपं कशाला करायचं? याचं उत्तर मृग नक्षत्रातच आहे. थंडीत संध्याकाळी मृग पूर्वेला उगवतो तेव्हा तो आडवा असतो. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला उंच येतो तेव्हा उभा, आणि पहाटे मावळताना दुसऱ्या अंगावर आडवा. रात्रभरात तो कूस बदलतो. आपली दुर्बीण मात्र जमिनीला समांतर बसलेली असते. ती डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरून मृगाचा पाठलाग करते, पण त्याच्याबरोबर कूस बदलत नाही. त्यामुळे चित्राच्या मधला तारा जागेवर राहतो आणि कडेचे तारे त्याच्याभोवती हळूहळू फिरतात. याला फील्ड रोटेशन म्हणतात. चित्रं रचणारा संगणक प्रत्येक चित्र फिरवून जुळवून घेतो खरा, पण एकेका चित्राच्या आतच जी फरफट झालेली असते ती त्याला पुसता येत नाही. शिवाय तासाभराने रचलेल्या चित्राच्या कडा पंख्यासारख्या कातरल्या जातात आणि कोपरे वाया जातात.

हा दोष आपल्याकडे जास्त आहे, आणि ते पुरेसं बोललं जात नाही, असं मला वाटतं. या यंत्रांविषयीचे बहुतेक सल्ले युरोप-अमेरिकेतून येतात. तिथे आकाश निराळ्या कोनातून फिरतं. मी एकदा वहीवर हिशेब मांडला. मृगातला तेजोमेघ लंडनमध्ये मध्यमंडलावर, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवर सर्वांत उंच, असताना तासाला साधारण ११ अंशांनी कूस बदलतो. पुण्यात तोच तासाला ३५ अंशांनी बदलतो, म्हणजे तिप्पट! पुण्यात दहा सेकंदांच्या चित्रात कोपऱ्यातला तारा जवळजवळ दोन पिक्सेल ओढला जातो आणि तीस सेकंदांत साडेपाचच्या वर. कारण सोपं आहे. वस्तू डोक्याच्या जितकी जवळ, तितका हा फेरा जोरात. आणि आपल्या डोक्यावरून जाणारी रांग बघा: कृत्तिका, रोहिणी, पुष्य, स्वाती. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश, आणि हे सगळे तारे मध्यमंडलावर येतात तेव्हा माथ्यापासून सहा अंशांच्या आत असतात. कृत्तिका तर त्या वेळी तासाला सुमारे १४५ अंशांच्या वेगाने फिरत असते. डोक्याच्या अगदी वरची वस्तू जमिनीला समांतर बसवलेल्या दुर्बिणीला धड पकडताच येत नाही. आकाशातला सगळ्यात स्वच्छ भाग तोच, आणि नेमका तोच हातचा जातो.

उपाय जुना आहे. दुर्बिणीचा फिरण्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर केला, की दुसऱ्या कुठल्याही हालचालीची गरजच उरत नाही. २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा अशा संथ, एकसारख्या गतीने एकच मोटार फिरत राहिली की काम झालं. चित्रही फिरत नाही. जयपूरच्या सम्राट यंत्राचा, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाचा, तिरका जिना २७ अंशांत चढतो, तो याच कारणाने. तो जयपूरचा अक्षांश आहे. उटीची रेडिओ दुर्बीण याहून थक्क करणारी. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी त्यासाठी मुद्दाम अशी टेकडी शोधली, जिचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंशांचा आहे. त्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उत्तर-दक्षिण आडवी ठेवली. १९७० पासून ती एकाच अक्षावर फिरून साडेनऊ तास आकाशातल्या वस्तूचा माग काढते. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या, त्या मात्र जमिनीला समांतर बैठकीच्या. तिथे मागोवा घेण्याचा हिशेब संगणकावर सोपवला होता. आपली खोकेवजा दुर्बीण मुळात खोडदच्या जातीची. २०२५ मध्ये तिला अधिकृत इक्यू मोड, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर चालण्याची सोय, मिळाली आणि तिला उटीसारखं निजवता येऊ लागलं.

निजवायचं ते किती? अक्ष क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतका वर हवा. लंडनमध्ये त्यासाठी यंत्र उभ्यापासून ३८-३९ अंश झुकवावं लागतं. पुण्यात ७१.५ अंश. म्हणजे गरज आपल्याला जास्त आणि मांडणीही आपल्यालाच अवघड! सगळं वजन तिपाईच्या मध्यापासून बाहेर, उत्तरेला जातं. तो भार पेलायला पाय नेमका त्याच बाजूला हवा. हे मला पहिल्या रात्री ठाऊक नव्हतं. उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा आली होती. दुर्बिणीचा हात घडीतून बाहेर आला, मोटार फिरली आणि सगळी तिपाई सावकाश कलंडू लागली. मी शेजारीच उभा होतो म्हणून झेलली. तेव्हापासून विटांची पिशवी आणि उत्तरेचा पाय, यांत मी कधी हयगय केलेली नाही. तिपाईवरचं झुकणारं डोकंही भक्कम लागतं. फोटोग्राफीचं हलकं बॉल-हेड एवढ्या कोनात भार घेऊन मिनिटामिनिटाला केसभर खाली सरकतं. डोळ्याला ते कळत नाही, ताऱ्यांना कळतं. अंश कोरलेली, स्क्रूने बारीक सरकवता येणारी वेज, म्हणजे झुकती बैठक, घेतलेली बरी.

उत्तर शोधायला मोबाईलचा कंपास चालतो. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही. पण गच्चीवर मात्र स्लॅबमधल्या सळ्या त्याला फसवतात. दोन पावलं सरकलं तरी सुई हलते. ध्रुवतारा पुण्यातून जेमतेम १८-१९ अंश वर, बहुधा धुरकटात किंवा समोरच्या इमारतीमागे असतो. तो दिसला नाही तरी अडत नाही. दुर्बीण अक्षाभोवती थोडी थोडी फिरून आकाशाचे फोटो काढते आणि अक्ष किती चुकलाय ते डावं-उजवं, वर-खाली असं दोन आकड्यांत सांगते. वेजचा स्क्रू पाव वळसा फिरवायचा, पुन्हा मोजायचं. पाव अंशाच्या आत चूक आली की थांबावं. एवढ्या चुकीने तीस सेकंदांत तारा एक पिक्सेलभरही सरकत नाही. त्याहून बारीक जुळवण्यात रात्र घालवू नये.

आणि मग तीस-तीस सेकंदांची चित्रं रचली जाऊ लागतात. पूर्वी मृग उंच आला की संगणकाने नाकारलेल्या चित्रांचा आकडा चढत जायचा. आता तेजोमेघाच्या कोपऱ्यातले तारेही टिंबासारखे राहतात आणि चौकट शेवटपर्यंत चौकटच राहते.

‘सगळं मोबाईलच करतो, यात तुमचं काय?’ असं काही जुने निरीक्षक म्हणतात. यंत्र उभं असताना त्यांचं म्हणणं मला पटायचं. पण ते तिरपं करताना आपला अक्षांश, उत्तर दिशा, पृथ्वीचा अक्ष हे सगळं हाताने जुळवावं लागतं. नागपूरला हाच कोन २१ अंश होतो, कोल्हापूरला पावणेसतरा, पणजीला साडेपंधरा. शेतावर आलेल्या शाळकरी मुलांना मी वेजवरचा आकडा वाचायला लावतो आणि मग त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकातला अक्षांश. दोन्ही सारखे निघाले की ती ध्रुवाकडे नव्याने बघतात.

या यंत्राच्या मर्यादा आहेत. शनीची कडी त्यात बारीक दिसतात, आणि पन्नास मिलिमीटरच्या भिंगाकडून फार मागू नये. पण चंद्राचे चार फोटो काढून कुणाची दुर्बीण कपाटात गेली असेल, तर पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या अमावास्येला ती बाहेर काढा. एक पाय उत्तरेला करा, खाली विटा लटकवा आणि तिला आपल्या गावाच्या अक्षांशावर निजवा. त्या रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला कृत्तिका वर आलेली असेल.