चिंचणीच्या खाऱ्या हवेत गाडीची चाके लवकर का गंजतात? घरी रंगवायची असतील तर कशी रंगवावीत?

चिंचणी, वरोर, डहाणू या पट्ट्यात काही वर्षे वापरलेल्या गाडीची प्लास्टिकची व्हील कॅप काढली की आत बहुतेक वेळा तांबूस पापुद्रे दिसतात. इंजिन ठणठणीत असते, टायरही बरे असतात, पण एका चाकातली हवा दर आठवड्याला उतरते. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवतो. खिळा सापडत नाही, बुडबुडे येतात ते टायर आणि रिमच्या सांध्यातून. अशा वेळी नवी रिम घ्यावी की जुनी घासून रंगवावी, हा प्रश्न पडतो. घरी रंगवणे शक्य आहे. मात्र पुण्या-नाशिकला चालणारी पद्धत किनाऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही.

गंज इतक्या वेगाने का चढतो?

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर उडतात आणि मिठाचे सूक्ष्म कण गाडीवर बसतात. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. समुद्री मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कमी आर्द्रतेलाही ओले होतात. म्हणजे पाऊस नसला, गाडी अंगणात नुसती उभी असली, तरी रात्रभर रिमवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतो. त्यातले क्लोराईड रंगाच्या बारीक चिरेतून आत शिरते आणि गंज रंगाखालून पसरत जातो. व्हील कॅपमागे वाळू साठते आणि ओल टिकते, म्हणून गंजाची सुरुवात तिथे आधी होते.

ॲलॉय व्हीलला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण तीही सुटत नाहीत. दगड किंवा फुटपाथ लागून वरचा पारदर्शक थर फुटला की त्याखाली पांढरट, धाग्यांसारख्या रेषा सरकू लागतात. ही ॲल्युमिनियमची झीज असते.

रंगवण्याआधी काय पाहावे?

तडा. रिमला तडा असेल, कडा वाकली असेल किंवा गंजाने पत्रा खोलवर खाल्ला असेल, तर ती रंगवू नये. रंगाने तडा झाकला जातो, बुजत नाही आणि पुढच्या तपासणीत तो कोणाला दिसतही नाही. अशी रिम भंगारातच जायला हवी.

दुसरी गोष्ट हवा उतरण्याची. ट्यूबलेस टायरमधली हवा टायरची कडा रिमवर घट्ट बसल्यामुळे टिकते. गंजाने ती बैठक खडबडीत झालेली असेल, तर बाहेरून कितीही चकचकीत रंग दिला तरी गळती थांबणार नाही. टायरच्या दुकानात मशीनवर टायर उतरवून घ्यावा, बैठक तारेच्या ब्रशने साफ करावी आणि तिथे पातळ, एकसारखाच थर द्यावा. त्याच वेळी व्हॉल्व्हही बदलून घ्यावा.

काम कसे करावे?

नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत, मग जॅक लावावा. वाळूत किंवा भुसभुशीत अंगणात जॅक लावू नये. एका वेळी एकच चाक काढून तिथे स्टेपनी बसवली तर गाडी अडकून पडत नाही.

चाक साबणाने आणि गोड्या पाण्याने धुवावे. बोअरचे पाणी खारट असेल तर ते वापरू नये, नाहीतर मीठ रंगाखाली कायमचे अडकते. काही जण डाग काढायला बाथरूमचे ॲसिड ओततात. त्यात क्लोराईडच असते. ॲल्युमिनियमला ते खाते आणि लोखंडावर नवा गंज सुरू करते.

खरी मेहनत घासण्यात आहे. सुटलेले पापुद्रे तारेच्या ब्रशने काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करावी आणि १८०, ३२० करत ४०० पर्यंत यावे. दागिन्यांच्या डाय घडवणाऱ्या या भागातल्या कारागिरांना हे सांगावे लागणार नाही, पण घाईत मधला नंबर गाळला की जाड कागदाचे ओरखडे रंगावर उठून दिसतात. ॲलॉयसाठी लोखंडी तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याचे कण रुतून बसतात आणि पुढे गंजतात.

टायर चढवलेलाच ठेवून फक्त दर्शनी भाग रंगवायचा असेल, तर जुन्या लग्नपत्रिका कापून टायर आणि रिमच्या फटीत गोल खोचाव्यात. मास्किंग टेपपेक्षा हे झटपट होते. लोखंडी रिमला रेड ऑक्साईड किंवा झिंकयुक्त प्रायमर चालतो. ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साईड नीट धरत नाही, त्यासाठी एच प्रायमर मागावा. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि शेवटी क्लिअर कोट. एक जाड हात मारला की ओघळ येतात.

नटांची बैठक आणि चाक हबला टेकते तो सपाट भाग मात्र रंगवू नये. तिथला रंग चाक फिरताना दबतो आणि नट सैल पडतात.

वेळ कोणती?

पावसाळ्यात हे काम काढूच नये. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम टाळावे, हा सर्वसाधारण नियम आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळचे दव वाळल्यानंतर आणि दुपारचा समुद्रवारा सुटण्याआधीचे तास उत्तम. तो वारा ओल्या रंगावर मीठ आणि वाळू दोन्ही आणून टाकतो.

गॅरेजमध्ये वापरतात तो हार्डनर मिसळायचा रंग जास्त टिकतो, पण त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. घरी साधा स्प्रे कॅनच बरा, तोही मोकळ्यावर. पावडर कोटिंगला साधारण १८० ते २०० अंश तापमान लागते, ते काम दुकानाकडेच द्यावे.

रंग पूर्ण वाळल्यावर, टायर उतरवला असेल तर बॅलन्सिंग करून घ्यावे. नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर, म्हणजे बोईसरच्या दोन-तीन फेऱ्या झाल्यावर, पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत.