लाल ठिपका दिसला, पण प्रोग्रॅम थांबला का?

मागच्या लेखांकात फॉर्म आणि बटणं तपासणाऱ्या स्वयंचलित चाचण्या पाहिल्या. कोड एडिटरच्या डाव्या समासात क्लिक करून ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम जिथे थांबावा ती खूण, लावणं त्याहून कितीतरी चकवणारं काम आहे. ठिपका उमटला की चाचणी ‘पास’ धरायची, अशी सर्रास पद्धत दिसते. माझ्या मते तिथे चाचणी निम्मीच झालेली असते.

व्हीएस कोडचंच घ्या. त्यातला मोनॅको एडिटर फाइल हजारो ओळींची असली, तरी समोर दिसणाऱ्या भागापुरतेच घटक पानावर मांडतो. त्यामुळे खालची, न दिसणारी ४१२वी ओळ चाचणीला सापडतच नाही. आणि ठरावीक पिक्सेलवर क्लिक करावं, तर वरचं एखादं फंक्शन मिटलेलं असलं की क्लिक भलत्याच ओळीवर पडतो. म्हणून आधी कंट्रोल-जीने त्या ओळीवर जायचं, दिसणारा ओळक्रमांक शोधायचा आणि त्याच्या शेजारी क्लिक करायचं. एवढं करूनही एक खोडी उरते. माउस समासावर नेताच क्लिकच्या आधीच तिथे फिकट लाल ठिपका दिसतो, तो नुसता इशारा असतो. ‘कुठलाही ठिपका’ शोधणारी चाचणी त्यावरच खूश होते.

खरा ठिपकासुद्धा फक्त एडिटरची नोंद सांगतो. प्रोग्रॅम डिबगरखाली सुरू झाला की एडिटर आणि डिबगर यांना जोडणाऱ्या डिबग अडॅप्टर प्रोटोकॉलमधून त्या फाइलमधल्या ब्रेकपॉइंटची यादी डिबगरकडे जाते. प्रत्येक ब्रेकपॉइंट मान्य झाला की नाही, हे उत्तरात येतं. कधी डिबगर वेगळीच ओळ कळवतो. डिबगरकडे नोंद झालीच नाही, तर ठिपका राखाडी, पोकळ होतो. म्हणून प्रोग्रॅम चालवून तो नेमक्या त्याच ओळीवर थांबला का, हे पाहिल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही.

मग माउसचा खटाटोप कशाला, थेट प्रोटोकॉललाच विनंती पाठवा, असं कोणी म्हणेल. डिबगर तपासायचा असेल तर ते बरोबरच आहे, आणि बहुतेक चाचण्या तिथेच असाव्यात. पण वर नवी ओळ घातल्यावर ठिपका आपल्या ओळीबरोबर खाली सरकला का, हे डिबगरला विचारून कळत नाही. तो दोष समास आणि प्रोटोकॉल यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो. तेवढ्यासाठी दोन-चार क्लिकच्या चाचण्या हव्यात. जिथे ब्रेकपॉइंट ही केवळ पूर्वतयारी आहे, तिथे एफ-९ ची कळ पुरते.

अशा चाचण्या लहरी असतात, हा आक्षेप जास्त वजनाचा. पण लहरीपणाचं मूळ बहुधा ‘दोन सेकंद थांब’ या सूचनेत असतं. प्लेराइट या चाचणी-साधनाची पडताळणी अट खरी होईपर्यंत, मुळात पाच सेकंद, पुन्हा पुन्हा पाहते. डिबगर सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून फक्त तिथे मुदत वाढवावी. ब्रेकपॉइंट काढल्यावर प्रोग्रॅम थांबत नाही, हे दाखवणं मात्र नुसतं वाट पाहून जमत नाही. त्यासाठी नमुना प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ छापायची आणि चाचणीने ती कन्सोलमध्ये दिसण्याची अट घालायची.