उजव्या डोळ्याला दोन, डाव्याला एक

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास वडिलांचा हात धरून त्यांना सोसायटीच्या गच्चीवर नेले. नैर्ऋत्येला, मावळतीच्या तांबूस पट्ट्याच्या वर, गुरू आणि शनी एकमेकांना जवळजवळ टेकलेले होते. वडिलांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती; डाव्याची करोनामुळे लांबणीवर पडली होती. त्यांनी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि म्हणाले, "उजव्याने दोन दिसतात. डाव्याने एकच पिंजलेला डाग."

त्या दिवशी दोन ग्रहांतील अंतर अंशाचा केवळ एक दशांश होते, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीचा सुमारे पाचवा भाग. निकोप डोळ्याला ते वेगळे दिसतात. गुरूला सूर्याभोवती फिरण्यास सुमारे १२ वर्षे लागतात, शनीला साडेएकोणतीस. म्हणून दर २० वर्षांनी गुरू शनीला गाठतो. मात्र दोघांच्या कक्षा एका पातळीत नसल्याने बहुधा तो थोडा वरून वा खालून निघून जातो. १६२३ मध्ये ते असेच जवळ आले होते, परंतु सूर्याच्या सान्निध्यामुळे दिसणे कठीण होते. सहज पाहता येईल अशी इतकी निकट युती त्याआधी १२२६ मधली. तेव्हा देवगिरीवर यादवांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वर जन्मायचे होते.

घरातील वृद्धांना असे काही दाखवायचे म्हटले, की अंधार, जिना आणि गारवा यांची धास्ती वाटते. ती अनाठायी नाही. वयानुसार बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा सरावायला अधिक वेळ लागतो. पाय घसरतो तो याच वेळी. पण ग्रह तेजस्वी असतात, त्यांना काळोख लागत नाही. पायाखालचे दिसत असतानाच, संधिप्रकाशात जाऊन बसावे. मान मागे टाकून वर पाहिल्यास अनेकांना चक्कर येते, म्हणून पाठीला आधार देणारी खुर्ची हवी. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना घाई नको.

वडिलांनी सहज केलेली एकेक डोळा झाकण्याची कृती उपयोगाची आहे. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला एका ग्रहाचे दोन दिसत असतील, तर कारण बहुधा मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर असतो. पण कोणताही एक डोळा झाकताच दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बिघडलेला असू शकतो. हे अचानक उद्भवले असेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

अधिक्रमणाची गोष्ट मात्र निराळी, कारण तेथे सूर्याकडे पाहायचे असते. शुक्राचे अधिक्रमण २००४ आणि २०१२ मध्ये झाले. पुढचे २११७ मध्ये. बुधाचे १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी भारतातून दिसेल, पण बुधाचा ठिपका इतका लहान, की सौरगाळणी लावलेल्या दुर्बिणीशिवाय तो दिसणार नाही. ते अनुभवी मंडळींच्या शिबिरातच पाहावे. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल यांपैकी काहीही सुरक्षित नाही. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, म्हणून तो भाजत असतानाही कळत नाही. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील, त्या दिवशी तर उन्हाकडेही पाहू नये.

८ सप्टेंबर २०४० च्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेला बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी आणि चंद्रकोर सुमारे दहा अंशांत गोळा होतील. हात लांब करून मूठ धरली, तर ती साधारण तेवढीच जागा व्यापते.

"मग मी नव्व्याण्णवचा असेन," हे ऐकल्यावर वडील म्हणाले होते. त्यांना त्याचे फारसे वाईट वाटलेले दिसले नाही. गच्चीवरून खाली यायला मात्र ते तयार नव्हते. आठच्या सुमारास दोन्ही ग्रह मावळले, तेव्हा उतरलो.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी झाली. ऑगस्टमध्ये पाऊस उघडलेल्या एका रात्री ते खिडकीशी उभे होते. गुरू आणि शनी तोवर चांगलेच दूर गेलेले. त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला होता.