दिग्गीची जीप आणि अकरा इंचांचा फरक

पावसाळा सरला, चिखल वाळला की दिग्गीच्या वाटेवर पुन्हा चाकांच्या खुणा दिसू लागतात. जोयडा तालुक्याच्या या टोकाच्या गावात आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचे घर आहे. अंगणात फणसाखाली त्याच्या आजोबांची जुनी महिंद्र सीजे-३बी जीप उभी असते. मागची बाके काढून कधीकाळी तिला लोखंडी हौदा बसवलेला. भाताची पोती, बाजाराचे सामान, अडलेली बाळंतीण, सगळे त्या हौद्यातून तालुक्याला गेले. पुढे २००५ मध्ये 'छोटा हत्ती' बाजारात आला आणि हळूहळू जीप जाग्यावर बसली.

नातवाने ती उभी करायचे मनावर घेतले. इंजिन मिस्त्रीने चालू करून दिले. अडले ते पत्र्यावर. भंगारातून स्वस्तात बॉनेट आणले, तर ते बसेना! जीप ती जीपच, मग असे का?

महिंद्रने १९४७ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपचे बॉनेट बुटके असे. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेल्या सीजे-३बीचे इंजिन उंच होते, कारण त्याचे इनलेट व्हॉल्व्ह माथ्यावर बसवलेले. साहजिकच बॉनेटही उंच झाले. आमच्या मुलाने आणले होते ते बुटके! दोन्हींची व्हीलबेस मात्र ८० इंचच. म्हणजे खालचे माप जुळले म्हणून वरचा पत्रा जुळेलच असे नाही. उलट एमएम ५४०ची व्हीलबेस ९१ इंच. अकरा इंच म्हणजे वीतभराहून जास्त. तिची बॉडी या चासीवर कशी बसणार?

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. युद्धकाळातील जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी, नागरी सीजेला सात. लष्करी जीपच्या मागे न उघडणारा पत्रा आणि त्यावर स्टेपनी. सीजेला उघडणारे टेलगेट. हे पाहूनच भंगारवाल्याशी भाव करावा. जाताना जुन्या भागाचा पुठ्ठ्यावर कापलेला नमुना, भोकांच्या खुणांसकट, सोबत न्यावा. तळाचा गंजका पत्रा कापण्याआधी बॉडीला आडव्या पट्ट्यांचा आधार वेल्ड करावा, नाहीतर ती पिळवटते. नवाच पत्रा हवा तर हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जीप बांधण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे; पण तिथून इथवर वाहतुकीचा खर्च धरूनच हिशेब करावा.

पत्र्याचा प्रश्न सुटला, तसा दुसरा उभा राहिला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो. नोंदणीची फी २० हजार रुपये. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. नातवाला तो नंबर हवा होता. त्यासाठी हौदा काढावा लागणार!

आजोबा सगळे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "शोभेलाच ठेवायची तर फणसाखाली काय वाईट होती, सर?"

मुलगा गप्प झाला. चार दिवस तो माझ्याशीही फारसा बोलला नाही. नंतर एका शनिवारी स्वतःच सांगायला आला: साधीच नोंदणी पुढे चालवायची, आरसी बुकात हौद्याची नोंद आहेच. बॉनेट सीजे-३बीचेच शोधले, तळाला नवा पत्रा ठोकला, चासी नंबरला हात लावला नाही. टेलगेटवरचा जुना पोचा मात्र डेंटरला काढू दिला नाही. तो कोणत्या वळणावर, कोणत्या झाडाला लागून पडला, हे आजोबा अजून सांगतात.

यंदा सुगीचे भात त्याच हौद्यातून घरी आले.