दिवेलागणीचा रस्ता

डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. चितळाला घड्याळाशी देणंघेणं नाही. ऊन कललं की ते चरायला उठतं. माणसाचं ऑफिस मात्र बाराही महिने सहालाच सुटतं. हिवाळ्यात नागपूरबाहेर उमरेड किंवा कोंढाळीच्या बाजूला या दोघांची गाठ ऐन अंधारात पडते. जंगलातल्या अपघातांना आपण वेगाला बोल लावतो, तो खराच. पण वेळेचाही त्यात तेवढाच वाटा आहे, असं मला वाटतं.

कोंढाळीच्या अलीकडे एका वनरक्षकाच्या मोटारसायकलवर मागे बसून हे पाहिलं. समोरून चितळाची मादी रस्ता ओलांडून गेली. मी म्हटलं, चला. त्याने किक मारलीच नाही. "एक गेली का मागून दुसरी येतेच जी." आली. तिच्यामागे अडखळत पाडस. गाडीखाली सापडतं ते पुष्कळदा हे मागचं जनावर. पहिलं चुकवलं म्हणून चालक तोवर निर्धास्त झालेला असतो. झोत डोळ्यांवर आला की चितळ जागीच थिजतं. वनरक्षकाचा सल्ला साधा: गाडी थांबवा, दिवा खाली करा, हॉर्न वाजवू नका. हॉर्नने बिथरलेला कळप कुठे उधळेल, सांगता येत नाही.

ऋतू बदलला की धोक्याची जागा बदलते. चैत्रात पहाटे मोहफुलं गळतात आणि मोह रस्त्याकडेला असेल तर चितळंही तिथेच. मेअखेरच्या नवतप्यात नाले आटलेले, म्हणून रात्री पाण्याकडे जा-ये. पाऊस सुरू झाला की डांबरावरचं पाणी कडेला उतरतं, तिथलं गवत आधी फुटतं. श्रावणात तेच कमरेएवढं होतं आणि जनावर थेट डांबरावर आल्यावरच दिसतं. त्यात रस्ता ओला, ब्रेक लागेपर्यंत उशीर. दिवाळीनंतर हरभरा, तूर. शेतकरी रात्रभर जागलीवर. त्याने हाकललेला रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप अंधारात रस्त्यावर येतो. रोही हे काही हरीण नव्हे, पण दोनशे किलोंचा नर काचेवर आदळला तर माणूसही जिवाला मुकतो. शेतकऱ्याला तरी दोष कसा द्यायचा?

वाघही यातून सुटत नाही. कोंढाळीकडे जाणाऱ्या याच अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ 2017 च्या डिसेंबरअखेर बोर व्याघ्र प्रकल्पातला 'बाजीराव' वाघ वाहनाच्या धडकेने मेला.

पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर उत्तर शोधलं गेलं. महाराष्ट्राच्या हद्दीत चार लहान पूल आणि पाच भुयारी मार्ग बांधले, सर्वांत रुंद 750 मीटरचा. वर ट्रक, खाली जंगल. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये मार्च ते डिसेंबर तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींच्या वन्यप्राण्यांची 5,450 छायाचित्रं मिळाली. त्यांत 3,165 चितळांची. म्हणजे वाट दिली तर चितळ ती घेतं. पण प्रत्येक गावरस्त्यावर असा पूल होणार नाही.

तिथे उरतो तो वनरक्षक. ऐन मे महिन्यात चितळाच्या एका जखमी मादीजवळ त्याला काम करताना पाहिलं. त्याने गळ्यातला दुपट्टा ओला केला आणि नाक मोकळं ठेवून तिच्या डोळ्यांवर बांधला. आडवी पडली होती, तिला उचलून छातीवर बसती केली. रवंथ करणारं जनावर आडवं राहिलं तर पोट फुगतं. धडकेतून वाचलेलं चितळ नुसत्या भीतीनेही दगावतं: धास्तीने आणि धडपडीने स्नायू निकामी होतात, उन्हात आणखी लवकर. तोवर दोन मोटारी थांबल्या होत्या, मोबाइल बाहेर निघाले होते. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या, जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरची गाडी यायला अवकाश होता. पायाची जखम त्याने नंतर पाहिली. आधी कुजबुजत्या आवाजात सगळ्यांना गाड्यांत बसायला लावलं.